ऑक्टाव्हिया आरएस १.८ टी : के०३ च्या जागी के०४

१८ जानेवारी २०२५, शनिवार

मेव्हण्याची २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आज भांडुपच्या गाळ्यात लागली. १७८१ सीसी, सिलिंडरमागे पाच म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह, कंपनीचे आकडे १५० पीएस आणि २१० न्यूटन-मीटर, पाच गिअर, ताकद पुढच्या चाकांना. ही गाडी आली तेव्हा आपल्याकडे पेट्रोल टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) म्हणजे नवल होतं. आता दहा लाखांच्या आतल्या गाड्यांतही टर्बो पेट्रोल मिळतं, पण या जुन्या लोखंडी ब्लॉकमध्ये जेवढा जीव आहे तेवढा त्या तीन सिलिंडरवाल्यांत नाही, असं आपलं माझं मत.

मागणी सरळ. "भावजी, क्रँकला दोनशे बीएचपी. त्याच्यावर एक नको. आणि एसी चालला पाहिजे." (क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य शाफ्ट; चाकांवर आकडा कमी येतो.) दुसरी अट पहिलीपेक्षा जड आहे, हे त्याला अजून कळलेलं नाही.

एअर फिल्टरमागचा होज काढून टर्बोच्या कम्प्रेसरचं, म्हणजे हवा दाबणाऱ्या बाजूचं, चाक बोटानं हलवून पाहिलं. आडवा थोडा प्ले (ढिलेपणा) असतोच, कारण शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगत फिरतो आणि इंजिन बंद असताना तो थर नसतो. पुढेमागे मात्र प्ले जाणवता कामा नये. इथे जाणवतो, आणि पात्यांच्या कडा घराला घासून चकचकीत झाल्यात. के०३ चे, म्हणजे गाडीतल्या मूळ टर्बोचे, दिवस भरलेत. म्हणजे टर्बो तसाही बदलायचाच होता. थोडा मोठा, के०४, टाकायचा, एवढाच काय तो हट्ट.

कागदपत्रांचं आत्ताच लिहून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलापासून गाडी परस्पर बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलंय. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो, ते वेगळंच. तेव्हा ठरलं ते असं : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर जागेवर राहणार, पूर्ण ताकदीची फाइल (इंजिनाच्या संगणकातला, म्हणजे ईसीयूतला प्रोग्रॅम) फक्त डायनो (चाकांवरची ताकद मोजणारं यंत्र) आणि बंद ट्रॅकसाठी, आणि जुना टर्बो दुरुस्त करून खोक्यात जपायचा. या वर्षअखेरीस नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी आरटीओत न्यायची आहे, ती मूळ रूपातच जाईल.

२५ जानेवारी, शनिवार

रबाळे एमआयडीसीतल्या एका डायनोवर पहिला आकडा घेतला. चाकांवर १२१ बीएचपी, एमएएफ (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) सेन्सर १०९ ग्रॅम प्रति सेकंद. या घराण्याच्या इंजिनांना एक ठोकताळा बऱ्यापैकी लागू पडतो : ग्रॅमला ०.८ नं भागा, क्रँकचे बीएचपी येतात. १०९ ला भागलं की १३६. म्हणजे वीस वर्षांत चौदाएक घोडे कुठेतरी सांडलेत. दोनशे हवेत तर एमएएफला १६० दिसले पाहिजेत. यापुढे माझं लक्ष या आकड्यावर. डायनोचा कागद दुसऱ्या नंबरावर.

कारण डायनोचा कागद दुरुस्तीचा गुणक लावून येतो. एसएई जे१३४९ या मानकाला हवा २५ अंश आणि ९९० मिलिबार धरतात, जुन्या डीआयएन ७००२० ला २० अंश आणि १०१३. मुंबईच्या ३३ अंशांत रन काढला की यंत्र आपल्याला जास्तीचे घोडे "भरपाई" म्हणून देऊन टाकतं. टर्बो गाडीत तर बूस्टवर (टर्बोनं वाढवलेल्या हवेच्या दाबावर) नियंत्रण असतं, बाहेरच्या हवेतली कमतरता टर्बो स्वतःच बरीचशी भरून काढतो, म्हणजे ही भरपाई दुहेरी होते. म्हणून गुणक बंद ठेवायला सांगितलं. डायनोवाल्यानं जरा विचित्र नजरेनं पाहिलं. त्याच्याकडे येणारे लोक बहुतेक उलटं मागत असावेत.

१ फेब्रुवारी, शनिवार

गळती शोधण्याचा दिवस. हार्डवेअरच्या दुकानातून टर्बोच्या तोंडाच्या मापाची पीव्हीसीची टोपी आणली, मधोमध भोक पाडून त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह ओढून बसवला. ही टोपी होजमध्ये खुपसून क्लिप आवळली आणि टायरच्या पंपानं हळूहळू ०.८ बारपर्यंत हवा भरली. रेडिओ बंद, पंखा बंद. मिस्त्री साबणाच्या पाण्याचा ब्रश घेऊन सांध्यासांध्यावर फिरले.

इनटेक मॅनिफोल्डखालचा क्रँककेस ब्रीदरचा होज बिस्किटासारखा हातात आला. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटलेला, त्यातून हवा परत मागे जात होती. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) एका टाकीच्या शिवणीवर बारीक बुडबुडे. हे सगळं या वयाच्या १.८ टीत हमखास. इथे मोजून झालेली हवा बाहेर पळते; ईसीयूला वाटतं ती सिलिंडरमध्ये गेली, तो त्या हिशेबानं पेट्रोल सोडतो आणि मिश्रण जाड होतं.

होज आणि व्हॉल्व्ह बदलल्यावर संध्याकाळी नुसत्या कानाला फरक कळला. टर्बो न बदलता बरीच ताकद अशीच परत मिळते, पण पीव्हीसीच्या टोपीचे फोटो कोणी काढत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

टर्बो उतरवला. या गाडीत तो इंजिन आणि फायरवॉलच्या बेचक्यात, मागच्या बाजूला आहे. वरून हात जातो तो कोपरापर्यंत, खालून जायचं तर उजवा ड्राइव्हशाफ्ट सोडवावा लागतो, नाहीतर ऑइल रिटर्नचे बोल्ट दिसतसुद्धा नाहीत. मॅनिफोल्डचे बोल्ट वीस वर्षं लाल होत आणि थंड होत आलेले. दोन दिवस आधीपासून जंग सोडवायचं तेल मारत होतो, तरी एक हलायला तयार नाही. मिस्त्रींनी गॅसची ज्योत लावली, गर्द लाल झाल्यावर मेणबत्तीचं मेण टेकवलं. मेण आट्यांत ओढलं गेलं, आणि बोल्ट दोन बोटांनी सुटल्यासारखा फिरला. "साहेब, जोर लावला असता तर हे डोकं आत्ता जमिनीवर असतं."

ऑइल फीडच्या बँजो बोल्टचं भोक जळलेल्या तेलानं निम्मं भरलंय. टर्बो कशानं गेला, ते इथेच कळलं. म्हणजे तेलाच्या वाटेचा उगमही बघायला हवा.

१६ फेब्रुवारी, रविवार

संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवला. ऑइल पंपाच्या गाळणीवर काळ्या खड्यांचा थर, चहाच्या गाळणीत चोथा बसावा तसा. वाटलं त्याहून वाईट. टर्बोतलं तेल इंजिन बंद केल्यावर आतल्या आतच तापतं, कारण एक्झॉस्टचं घर तेव्हा शेकडो अंशांवर असतं आणि तेल वाहायचं थांबलेलं. ते तिथेच कोळसा होतं, सुटून संपमध्ये येतं आणि पंप ते ओढून गाळणीवर चिकटवतो. मुंबईत हे जास्त होतं, कारण इथे माणूस घाटकोपरच्या चढावर गाडी ओढतो आणि लगेच सोसायटीत शिरून किल्ली फिरवतो.

नवी गाळणी, नवी पिकअप नळी, नवी फीड लाइन. तेल पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, फोक्सवॅगनच्या ५०२ मानकाचं, बदल ५,००० किलोमीटरला. कंपनीचं वेळापत्रक जर्मनीतल्या हवेसाठी ठीक. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंपही लगे हात उरकले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

के०४ शोधायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि मग ऑपेरा हाऊसला चक्कर. एका ठिकाणी "एकदम ओरिजिनल, डब्बाबंद" के०४ दाखवला. पत्रीवरची अक्षरं नखानं खरवडली तर निघत होती, ओतकामाची शिवण घासलेली नव्हती, आणि मुख्य म्हणजे चाकावर बॅलन्सिंगची खूणच नाही. खऱ्या टर्बोत चाकाच्या नटावर किंवा पाठीवर थोडा धातू मुद्दाम काढलेला दिसतो. मिनिटाला दीड लाख फेऱ्या घेणारी वस्तू बॅलन्स केल्याशिवाय बसवायची म्हणजे इंजिनात सुतळी बॉम्ब ठेवायचा. नमस्कार करून निघालो.

के०४-००१ बाहेरून मागवला. यापेक्षा मोठा, ऑडी टीटी २२५ वरचा के०४-०२३ खुणावतो, पण त्याला मॅनिफोल्ड वेगळं, डाउनपाइप (टर्बोनंतरची एक्झॉस्टची नळी) वेगळा, नळ्यांची दिशा वेगळी. ००१ मात्र के०३ च्याच पायावर बसतो. दोनशेला तो पुरतो, आणि त्याच्यापुढे या इंजिनाचे मूळ कनेक्टिंग रॉड विचारात घ्यावे लागतात. ते वाकतात ते ताकदीनं नाही, टॉर्कनं : ३,००० फेऱ्यांच्या आसपास बूस्ट एकदम उसळला की. म्हणून टॉर्कला आधीच कुंपण घातलंय, चाकांवर २६५ न्यूटन-मीटर. वरच्या फेऱ्यांत काय हवं ते घे.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

सुट्टी. फेब्रुवारीतच उष्णतेची लाट, गाळ्यातला थर्मामीटर दुपारी ३७. पत्र्याखाली कामाला हात लागेना, म्हणून कागदावर गणित मांडलं.

टर्बोत ३५ अंशांची हवा गेली आणि ती दुप्पट दाबाची केली (म्हणजे बोलीभाषेतला एक बार बूस्ट), तर बाहेर येताना किती तापेल? कम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर वाढ ९६ अंश, म्हणजे बाहेर १३१. दम संपलेला लहान टर्बो ६० टक्क्यांवर काम करत असेल तर १४७. दाब दोन्हीकडे सारखाच. बूस्टचा काटा दोन्ही वेळा एकच आकडा दाखवतो, आणि माणसं त्या काट्यावर खूश होतात.

आता ती १३१ अंशांची हवा इंटरकूलरमधून. त्यानं वाढीतली निम्मी उष्णता काढली तर इंजिनात ८३ अंशांची हवा जाते. तीन चतुर्थांश काढली तर ५९. घनतेत हा फरक सात टक्क्यांचा. बूस्ट तसूभर न वाढवता सात टक्के जास्त हवा, आणि वर नॉकिंगची (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकण्याची) भीती कमी, म्हणजे इग्निशनही (ठिणगीची वेळ) थोडं पुढे घेता येईल.

तेव्हा या गाडीत पैसे कुठे घालायचे ते ठरलं. मेव्हण्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "पण भावजी, टर्बो तर मोठा बसतोय ना?" बसतोय रे बाबा.

८ मार्च, शनिवार

इंटरकूलर. मूळचा उजव्या चाकाच्या कमानीपुढे, बंपरच्या कोपऱ्यात आहे. हवा येते ती एका अरुंद प्लास्टिकच्या वाटेनं आणि जाते चाकाच्या अंगावर. गाडी वेगात असताना चालतो. सायनच्या सिग्नलला उभं राहिलं की तो इस्त्रीच होतो.

नवा समोर, बंपरच्या आड. इथे एसीची अट आडवी येते. समोरचा इंटरकूलर एसीच्या कंडेन्सरपुढे बसतो. म्हणजे रेडिएटर, त्याच्यापुढे कंडेन्सर, त्याच्यापुढे हा. बाजारात मिळणारे बहुतेक मोठे, अख्खं तोंड झाकणारे. युरोपात चालतात. मुंबईत ट्रॅफिकमध्ये कंडेन्सरला आधीच हवा कमी, वर त्याच्या तोंडावर गरम इंटरकूलर बांधला की गॅसचा दाब चढतो आणि कॉम्प्रेसर कट होतो. माणूस मे महिन्यात काचा खाली करून दोनशे घोड्यांवर बसतो.

म्हणून कमी उंचीचा, जास्त जाडीचा कोअर घेतला. कंडेन्सरचा खालचा भागच झाकला जातो, वरचा मोकळा. साकीनाक्याच्या लेथवाल्या काकांकडून दोन ॲल्युमिनियमचे कंस आणि नळ्यांच्या टोकांना उंचवटा काढून घेतला. होज दाबानं निसटू नये म्हणून नळीच्या तोंडाशी तो लागतोच. काकांनी मापं माझ्या कागदावरून न घेता नळी हातात फिरवून घेतली, आणि बरोबर घेतली. कोअरच्या बाजूंनी फोमच्या पट्ट्या चिकटवून फटी बुजवल्या. हवा आळशी असते. बाजूनं वाट मिळाली तर कोअरमधून कशाला जाईल.

रेडिएटरचा पंखा मोठ्या वेगावर लवकर यावा म्हणून एसी चालू असतानाची जोडणी बदलली.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

बाहेर रंग, आत पेट्रोलचा वास.

इंजेक्टरचा हिशेब. दोनशे बीएचपीला, टर्बो इंजिनाला तासाला घोड्यामागे २५० ग्रॅम धरले तर तासाला ५० किलो पेट्रोल लागतं. चार इंजेक्टरांत वाटून, आणि त्यांना ८५ टक्क्यांहून जास्त वेळ उघडं ठेवायचं नाही असं ठरवून, प्रत्येकी मिनिटाला सुमारे ३३० सीसी. पण हा हिशेब निव्वळ पेट्रोलचा. पंपावर आता ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला नऊ टक्के जास्त इंधन : ३६०. टीटी २२५ चे ३८० सीसीचे इंजेक्टर घेतले. प्रश्न मिटला.

ई-२० ला सगळे शिव्या घालतायत. ॲव्हरेज पडतं हे खरं, आणि २००५ च्या रबरी होजांना ते सोसत नाही हेही खरं. टाकीपासून रेलपर्यंतचे सगळे होज व्हायटनच्या (इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या) अस्तराचे टाकले आणि ओ-रिंगाही बदलल्या. पण टर्बो इंजिन ट्यून करणाऱ्यानं इथेनॉलला नावं ठेवू नयेत. त्याचा ऑक्टेन जास्त, आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या अडीचपट उष्णता खेचतं. नॉकिंगच्या बाबतीत ते आपल्या बाजूचं आहे. १०० ऑक्टेनचं पेट्रोल मुंबईत काही ठरावीक पंपांवर मिळतं, पण त्याच्या जोरावर ट्यून करून गाडी दिली, आणि मेव्हण्यानं एका रात्री कर्जतला साधं पेट्रोल भरलं, तर? ट्यून साध्या पंपावरच्या पेट्रोलवर. ठरलं.

प्लग एक पायरी थंड, एनजीके बीकेआर७ई, फट ०.७ मिलिमीटर. डाउनपाइपला एम१८ आट्यांचा बुंग (सेन्सर बसवायचं आट्यांचं कडं) वेल्ड करून वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा).

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

मेव्हण्यानं मुहूर्त धरला होता, म्हणून आज. के०४ परवाच बसला. नव्या तांब्याच्या वॉशर, नवे स्टड, गॅस्केट धातूची.

सुरू करण्याआधी टर्बोच्या तेलाच्या भोकात पिचकारीनं तेल भरून चाक हातानं फिरवलं. मग इंजेक्टर आणि कॉइलचे प्लग काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारला. कोरड्या बेअरिंगवर पहिले काही सेकंदच टर्बोचं आयुष्य ठरवतात. मगच सगळं जोडून किल्ली. चालू झाली. एक्झॉस्टवर सांडलेल्या तेलाचा धूर दहाएक मिनिटं, मग स्वच्छ. मिस्त्रींच्या बायकोनं पाठवलेलं श्रीखंड गाळ्यातच वाटलं.

बूस्ट मूळ पातळीवर बांधून ठेवलाय.

१२ एप्रिल, शनिवार

ईसीयू बॉशचा एमई७.५. टेबलावर उघडून १ एमबीची मूळ फाइल वाचली, दोन ठिकाणी जपून ठेवली.

हा ईसीयू ज्यांनी जुन्या पद्धतीनं शिकलंय त्यांना चकवतो. ॲक्सिलरेटरची तार थ्रॉटलला नाहीच. तुमचा पाय ईसीयूला "एवढा टॉर्क दे" एवढंच सांगतो. तो त्यावरून हवेचा भार ठरवतो, भारावरून थ्रॉटल आणि बूस्ट. आणि दुसऱ्या वाटेनं, आलेल्या हवेवरून, प्रत्यक्षात किती टॉर्क निघतोय हेही मोजत राहतो. दोन्ही जुळले नाहीत तर त्याला वाटतं काहीतरी बिघडलंय, आणि तो थ्रॉटल मिटतो. कितीतरी गाड्यांत लोक नुसता बूस्ट चढवतात. लॉगमध्ये (ईसीयूच्या नोंदीत) पाय १०० टक्के, थ्रॉटल ६०. टर्बो जीव तोडून हवा ढकलतोय आणि ईसीयू दार लावून बसलाय. मालक म्हणतो, चिप टाकली पण काही वाटत नाही.

म्हणून क्रम असा धरला. आधी केआरकेटीई, म्हणजे इंजेक्टरचा स्थिरांक, नव्या मापाप्रमाणे. त्याबरोबर व्होल्टेजनुसार उघडायला लागणारा उशीर. मग पार्ट थ्रॉटलवर गाडी चालवून नोंदीच्या गट ०३२ मधले ट्रिम (ईसीयू पेट्रोलात करतो ती दुरुस्ती) पाहिले. दोन्ही पाच टक्क्यांच्या आत येईपर्यंत पुढे हात लावला नाही. मग टॉर्कच्या जोडीच्या मॅपांचे अक्ष वरच्या भारापर्यंत वाढवले, मग एलडीआरएक्सएन (फेऱ्यांप्रमाणे कमाल भाराचा तक्ता) मध्ये भाराची कमान : ३,००० ला मुद्दाम दबलेली, ४,००० च्या पुढे भरलेली. पूर्ण थ्रॉटलवर लॅम्डा (१ म्हणजे हवा-पेट्रोल नेमकं, त्याखाली पेट्रोल जास्त) ०.८१. मूळ फाइल खूप उशिरापर्यंत १ वर राहते आणि एक्झॉस्ट तापल्यावर जागी होते. युरोपातल्या हवेत तिला ते परवडतं.

मूळ दाब-सेन्सर निरपेक्ष २.५ बारपर्यंतच मोजतो. आपलं काम २.१ च्या आत, त्यामुळे तो तसाच.

२० एप्रिल, रविवार

रबाळे. बाहेर ३४ अंश. लॉगला गट ०२० (प्रत्येक सिलिंडरचं नॉकमुळे मागे घेतलेलं इग्निशन), ०३१, ११५.

०.८ बारवर सुरुवात, मग थोडं थोडं वर. १.०५ बारला चाकांवर १६७, एमएएफ १५८. सिलिंडर दोन आणि तीनमध्ये ४.५ अंशांपर्यंत इग्निशन मागे. तीन-चार अंशांपर्यंत मी खपवून घेतो, त्याच्यापुढे नाही. इथे बूस्ट आणखी वाढवला तर नॉकमुळे इग्निशन आणखी मागे जातं, आणि ताकद जागच्या जागी राहून फक्त एक्झॉस्ट तापतो. तेव्हा उलट केलं : ५,५०० च्या पुढे बूस्ट ०.९ वर उतरवला, इग्निशन दीड अंश पुढे. घोडे तेवढेच आले, नॉक तीन अंशांच्या खाली, आणि वाइडबँडची रेघ सरळ झाली.

३,४०० ला २६२ न्यूटन-मीटर. कुंपणाच्या आत. एका रनमध्ये मात्र फेऱ्या वाढल्या आणि रोलर मागे राहिला. क्लच.

१० मे, शनिवार

रस्त्याची फाइल टाकून (मूळ टॉर्क, मूळ बूस्ट) दुपारी दोनला एलबीएस मार्गावर, एसी चालू. मुद्दाम ती वेळ. भांडुप ते कुर्ला, जिथे जागा मिळेल तिथे अडकत.

उभ्या गाडीत इनटेकचं तापमान ६२ पर्यंत गेलं. जुन्या इंटरकूलरवर हीच वाट याच्यापेक्षा थंड दुपारी ७१ दाखवून गेली होती. हालचाल सुरू झाली की अर्ध्या मिनिटात ४५. एसीच्या जाळीशी थर्मामीटर : चालत्या गाडीत ९ अंश, सिग्नलला १३. मेव्हणा मागच्या सीटवर होता, त्यानं पंखा एक नंबर कमी करायला सांगितला. त्याची दुसरी अट पास.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं बोरघाट चढूनही पाहिलं. लोणावळ्याला समुद्रसपाटीपासून सहाशेहून जास्त मीटर, हवेचा दाब सुमारे ९४० मिलिबार. तोच निरपेक्ष दाब द्यायला टर्बोला तिथे जास्त फिरावं लागतं. ईसीयूत बाहेरच्या दाबाचा सेन्सर आहे, तो स्वतःहून बूस्टची मागणी कमी करतो, आणि मी त्या मॅपला हात लावलेला नाही. काही ट्यूनर तो सपाट करून टाकतात. का, ते मला कळत नाही.

२६ मे, सोमवार

पाऊस आज मुंबईत आला. मे महिन्यात! हवामान खात्याच्या नोंदींत इतक्या लवकर कधीच आला नव्हता. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर जाऊन बघू म्हणत होतो, ते दिवाळीनंतरवर गेलं. गाळ्यात घोट्याएवढं पाणी, गाडी रॅम्पवर.

७ जून, शनिवार

ओल्या हवेतला रन हवाच होता. ३१ अंश, आर्द्रता ८० टक्के. एवढ्या दमटपणात हवेतले साडेतीन टक्के म्हणजे नुसती वाफ, तिच्यात जाळायला काही नाही. म्हणून ताकद घटेल असं वाटतं. एप्रिलच्या मानानं चाकांवर आकडा पडला नाही, उलट १७१. कारण लॉगमध्ये दिसतं : तीच वाफ ज्वलनाचं तापमान खाली ठेवते, नॉक दोन अंशांच्या आत आलं, ईसीयूनं इग्निशन मागे घेतलंच नाही. त्यात हवा तीन अंश थंड. एमएएफ १६२, भागिले ०.८, क्रँकला दोनशे दोन. मेव्हण्याला दोन घोडे परत हवे असतील तर त्यानं सांगावं.

या आकड्यावर फाइल गोठवली. बूस्टला अजून जागा आहे, सेन्सरलाही आहे, रॉडला नाही.

क्लच चौथ्या गिअरमध्ये आता रोज थोडा घसरतोय. मजबूत प्रेशर प्लेट आणि ऑरगॅनिक प्लेट मागवली; सिरॅमिकची नको, दादरच्या पुलावर चालवायची आहे. गिअरबॉक्स उतरवायचाच आहे, तर क्रँकचं मागचं ऑइल सील आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी. मिस्त्री गणपतीला गावी जाणार, त्याआधीचा शनिवार धरलाय.